कलम चौथे: राखेची विल्हेवाट

त्या पत्राची कार्बन प्रत माझ्यापाशी आहे. कागद पिवळा पडला, कार्बनची निळाई कडांना पसरली, तरी अक्षर स्वच्छ वाचता येते. आणि ते माझे असल्यामुळे नाकारण्याची सोय नाही. पत्रात पाच कलमे आहेत. पहिले धुराविषयी, दुसरे उघड्या गटारात सोडल्या जाणाऱ्या ॲसिडविषयी, तिसरे पहाटेपासून कुऱ्हाडीने बॅटऱ्या फोडण्याच्या आवाजाविषयी, पाचवे मुदतीविषयी. चौथे कलम मी जसेच्या तसे उतरवतो.

‘ज्या अर्थी सदर भट्टीतून निघणारी राख सार्वजनिक रस्त्यावर टाकली जाते, त्या अर्थी ती तेथून तात्काळ उचलण्यात यावी, व ज्या रहिवाशांस घरगुती वापरासाठी राखेची गरज आहे त्यांस ती विनामूल्य देण्यात यावी.’

आयुष्यात मी शेकडो पत्रे लिहिली. त्यांतले अक्षरशः अमलात आलेले कलम हे एकच.

तेव्हा आम्ही सुरतेत उधन्याला राहत होतो. गल्लीत बहुतेक घरे खानदेशातून आलेल्यांची. पुरुष लूमवर, बायका घरी साड्यांना लेस लावत बसलेल्या. मी एका मिलच्या टाइम ऑफिसात कारकुनी करून निवृत्त झालो होतो. वकिलीच्या परीक्षेचे पहिले वर्ष मी कधीकाळी पार केले होते, दुसरे केले नाही. पण गल्लीच्या लेखी तेवढे पुरेसे होते. रेशन कार्डातली चूक, मुकादमाने अडवलेला दाखला, शाळेचा प्रवेश, सगळ्याचे अर्ज माझ्या ओट्यावर लिहिले जात. माझ्या शब्दाला गल्लीत वजन होते, हे मी अभिमानाने सांगत नाही. हा आरोपाचा भाग आहे.

गल्लीच्या तोंडाशी पत्र्याची एक शेड होती. तेथे ट्रकच्या, बसच्या, टेलिफोन एक्स्चेंजच्या जुन्या बॅटऱ्या ढिगाने येत. माणसे त्या फोडत, ॲसिड ओतून देत, आतल्या शिशाच्या जाळ्या भट्टीत घालत आणि वितळलेल्या शिशाच्या लगडी पाडत. त्या लगडी नव्या बॅटऱ्या बनवणाऱ्यांकडे जात. शेडचा शेठ सभ्य माणूस होता, म्हणजे तो कधी आवाज चढवीत नसे. मी पहिल्यांदा तक्रार घेऊन गेलो तेव्हा त्याने खुर्ची पुसून दिली.

‘‘बेसो ने काका. तुम्ही धुराची फरियाद घेऊन आला, बरोबर? पण हा धूर कशासाठी आहे ते तर समजा. दिल्लीत बॅटरीवरची रिक्षा फिरवून बघतात. पाच-दस वरस जवा दो, सगळ्या रिक्षा बॅटरी पर चालशे. धुमाडो ज नहीं. आणि त्या बॅटरीला शिसे कोण देणार? आपली ही शेड.’’

‘‘म्हणजे साऱ्या शहराचा धूर आमच्या एका गल्लीने प्यायचा?’’

तो हसला. ‘‘तमे तो कायदाना माणस छो. लिहा. जे लखो ते मंजूर.’’

उधना दरवाज्यापासून स्टेशनपर्यंत रॉकेल घातलेल्या पेट्रोलवर धावणाऱ्या रिक्षांविरुद्ध मी स्वतः तीन पत्रे लिहिली होती. बिनधुराच्या गाडीची मागणी माझीच होती. शेठला ते ठाऊक नव्हते. मला होते, आणि त्यामुळे माझा संताप दुप्पट झाला. मी घरी येऊन महापालिकेच्या नावे पाच कलमे लिहिली.

चौथ्या कलमातले शेवटचे वाक्य माझ्या पत्नीच्या सांगण्यावरून आले. ती धुळ्याकडच्या खेड्यातली. साबणाने घासलेले भांडे तिच्या मते धुतलेले असे, शुद्ध नसे. शुद्ध करायची ती राखच. शिवाय गावाहून वर्षाचे मूग, मठ, चवळी येई. ते कीड लागू नये म्हणून चाळलेल्या राखेत कालवून डब्यात भरून ठेवायचे, ही तिच्या आईची, तिच्या आजीची रीत. पण शहरात गॅस आला, स्टोव्ह आला, चुली गेल्या आणि राख मिळेनाशी झाली. इस्त्रीवाल्याकडे मूठभर कोळशाची राख मागायला बायका ताटकळत. इकडे भट्टीची राख रस्त्याच्या कडेला ढिगाने पडलेली. तिच्याकडे पाहून पत्नी एकदा म्हणाली, ‘‘इतली राख वाया जाई राहिनी, आणि आम्ही चिमटीचिमटीले महाग.’’ मला ते न्याय्य वाटले. मी लिहून टाकले.

एरवी त्या पत्राचे इतर पत्रांसारखेच झाले असते. परंतु प्लेगचे वर्ष नुकतेच सरले होते. शहर घाणीला घाबरले होते. पालिकेचे साहेब लोक स्वतः गल्लीबोळांतून हिंडत आणि जेथे ढीग दिसेल तेथे दंड ठोकत. धूर, ॲसिड, आवाज यांकडे कोणी पाहिले नाही. ढीग मात्र दिसला. शेठला नोटीस गेली आणि आठवडाभरात त्याने चौथे कलम पाळायला घेतले. त्याच्या माणसांनी राख चाळून गोणपाटाच्या पिशव्यांत भरली आणि घरोघर एकेक पिशवी ठेवली. पहिली माझ्या दारात. ‘‘काकाना हुकमथी,’’ असे पिशवी ठेवणारा सांगत गेला. मी ओट्यावर बसून ती वाटणी पाहत होतो. त्या दिवशीची माझी बैठक मला आठवते. पाठ ताठ होती.

पत्नीने पिशवी उचलायला हात घातला आणि थांबली.

‘‘राख इतली जड कसकाय शे?’’

‘‘चांगली आहे म्हणून जड आहे,’’ मी म्हणालो. ‘‘चुलीची राख म्हणजे अर्धी माती. ही भट्टीची. एवढ्या आचेतून निघालेली वस्तू अशुद्ध कशी राहील?’’

समोरच्या घरातली लूमवाल्याची बायको दारातून ऐकत होती. तिने विचारले, ‘‘आबा, मूग भराले चालई का?’’

‘‘उत्तम चालेल,’’ मी म्हणालो. गल्लीने ते ऐकले. संध्याकाळपर्यंत कोणाच्याही दारात पिशवी उरली नव्हती.

त्यानंतर काय पणाला लागले ते सांगतो. माझी नात तेव्हा तीन वर्षांची होती. मुलगा हजिऱ्याच्या बाजूला एका ठेकेदाराकडे फिटर, आठवड्यातून एकदा घरी येई. सून आणि नात आमच्यापाशी. ही पोर बोलकी होती असे म्हणणे म्हणजे काहीच न म्हणणे. ती गल्लीची फाटकाजवळची शिपाई होती. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला अडवून विचारी, ‘‘कथा चालना?’’ कुठे निघालास, याचे उत्तर मिळेपर्यंत ती सायकलचे हँडल सोडीत नसे. पोस्टमनलासुद्धा तिला सांगावे लागे.

तो हिवाळा संपताना ती पोट धरून रडू लागली. अंगाचा रंग उतरला. जेवण सुटले. मग शब्द जाऊ लागले. एकदम नाही, घरातली भांडी एकेक करून कोणी उचलून न्यावी आणि जागा रिकामी दिसल्यावर आपल्या ध्यानात यावे, तसे. ती दारात उभी राही, माणूस समोरून जाई, तिचे तोंड उघडे आणि आतून काही येत नसे. पोस्टमन एकदा स्वतःहून थांबला. ‘‘आज विचारत नाही का बाय, कुठे चाललो ते?’’ ती त्याच्याकडे पाहत राहिली.

आजारी लेकराला आमच्यात मुगाचे कढण देतात. पत्नी दिवसातून दोनदा देत होती. पोर जितकी खंगली तितके कढण वाढत गेले. त्या वाटीची वाफ मला अजून दिसते.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिच्या हिरड्या उलटून पाहिल्या. दातांच्या मुळाशी निळसर रेघ होती. रक्त मुंबईला पाठवले गेले आणि उत्तर आले की पोरीच्या अंगात शिसे आहे.

‘‘घराजवळ असे काही आहे का?’’ डॉक्टरांनी विचारले.

मी भट्टीचे सांगितले. त्या क्षणी मला आनंद झाला, हे येथे नोंदवून ठेवतो. नात मांडीवर निपचित पडलेली, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की आता पुरावा हातात आला.

डॉक्टर म्हणाले, तिला येथून हलवा. सून तिला घेऊन माहेरच्या गावी गेली. इकडे मी भट्टीवर तुटून पडलो. धुराचा तक्ता केला; कोणत्या दिवशी वारा कोणीकडून, किती वेळ. रहिवाशांच्या सह्या, डॉक्टरांचा कागद, नुकसानभरपाईचा दावा. सहा-सात महिने मी दुसरे काही केले नाही. गावाहून सुनेची पत्रे येत. पोर आता भाकरी खाते. पोर काल गायीला हाक मारत होती. पोरीने आजोळच्या म्हाताऱ्याला अडवून विचारले, कथा चालना. ते कार्ड मी दाव्याच्या फाइलीत लावले.

शेवटी भट्टीला सील लागले. धुराडे थंड झाले, शेठ शेड विकून निघून गेला. गल्लीत पेढे वाटले, मी नको म्हणालो नाही. दुसऱ्या आठवड्यात मी स्वतः जाऊन सून आणि नातीला घेऊन आलो.

गाडीतून उतरल्यापासून ती बोलत होती. अशक्त पोर म्हणून पत्नीने त्याच दिवसापासून कढण सुरू केले.

सव्वा महिन्यात तिने पुन्हा पोट धरले.

धूर नव्हता. ॲसिड नव्हते. पत्र्याच्या शेडवर कुलूप होते. मी रोज सकाळी जाऊन ते कुलूप हलवून पाहत असे, जणू त्यातून काही निसटत असावे. डॉक्टर या वेळी रागावले. ‘‘बाहेरचे बंद झाले म्हणता, तर मग घरात शोधा. रंग, काजळ, भांडी, खाणे. मुलीच्या तोंडात काय जाते ते बघा.’’

मी घर शोधले. रंगवलेला पत्र्याचा खेळण्यातला हत्ती फेकला, कल्हईवाल्याला दूषणे दिली, काजळाची डबी नाल्यात टाकली. चौथ्या दिवशी दुपारी पत्नी दारात सूप घेऊन मूग पाखडत बसली होती. डब्यातले मूग राखेसकट सुपात घ्यायचे, पाखडायचे, फुंकर मारायची. उन्हाच्या पट्ट्यात ती भुकटी तरंगत होती. नात आजीच्या गुडघ्याशी टेकून तोंड उघडे ठेवून बसली होती, आणि एकेक मूग उचलून, बोट चाटून, परत सुपात टाकत होती.

मी जाऊन डबा उचलला. हात खाली गेला. मुगाचा डबा इतका जड नसतो.

‘‘कोणती राख आहे ही?’’ मला माहीत होते, तरी मी विचारले.

पत्नी म्हणाली, ‘‘तुम्हीच तं आनेल शे.’’ मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि सूप खाली ठेवले. तिला सांगावे लागले नाही.

आमच्या घरातले मूग, मठ, चवळी, राखेची पिशवी, सारे त्याच तासाला बांधून झाले. नातीला त्या दिवसापासून गल्लीतला दाणा दिला नाही. येथवर मी निदान आजोबा म्हणून वागलो. पुढचे नऊ दिवस मी पक्षकार म्हणून वागलो, आणि हे सारे लिहायला बसलो आहे ते त्या नऊ दिवसांसाठी.

दावा उभा होता. भट्टीच्या धुराने मुलांना बाधा झाली, असे मी प्रतिज्ञेवर लिहून दिले होते. राखेची गोष्ट बाहेर पडताच शेठचा वकील माझे पत्र काढील आणि चौथे कलम मोठ्याने वाचील, हे मला स्पष्ट दिसत होते. तेव्हा मी दारोदार गेलो नाही. मी पत्र लिहिले. आरोग्य खात्यास, रजिस्टर पोस्टाने: ‘सदर परिसरात काही ठिकाणी राखेचा वापर होत असल्याचे समजते, तरी योग्य ती सूचना लावण्यात यावी.’ होत असल्याचे समजते. कोणाला समजते, कोणी सांगितले, काही नाही. इतके कर्ताहीन वाक्य मी त्यापूर्वी लिहिले नव्हते. मग मी पोचपावतीची वाट पाहत ओट्यावर बसलो.

समोरचे दार माझ्या ओट्यापासून चौदा पावलांवर होते. लूमवाल्याच्या बायकोला तेव्हा सात-आठ महिन्यांचा मुलगा होता. त्याला नुकतेच वरचे अन्न सुरू झाले होते. सकाळी ती दारात बसून मूग निवडी. फुंकर मारी. मला पाहिले की पदर सावरून म्हणे, ‘‘आबा, पोर आते बरी शे ना?’’ मी म्हणे, ‘‘बरी आहे.’’ नऊ दिवस. रोज. ती फुंकर मला ऐकू येत असे. चौदा पावलांवरून फुंकर ऐकू येत नाही, हे मला कळते, तरी येत असे. आजही दुपारी घर शांत झाले की ती कानाशी येते.

नवव्या दिवशी पत्नी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिने आवाज चढवला नाही.

‘‘तुम्ही जातस का मी जाऊ?’’

‘‘पोच आली नाही अजून.’’

‘‘पोच,’’ ती म्हणाली. एवढेच. आणि चपला घालू लागली.

मी तिच्या आधी उठलो. ती चौदा पावले चाललो. लूमवाल्याची बायको मुलाला मांडीवर घेऊन वाटीतून भरवत होती. मी तिच्या हातातली वाटी धरली आणि सांगितले: भट्टीची राख विषारी आहे, तिच्यात शिसे आहे, मूग फेकून द्या, भांडी पुन्हा पुन्हा धुवा, मुलाला डॉक्टरकडे न्या. सगळे सरळ वाक्यांत सांगितले, कर्त्यासह. मला कळून नऊ दिवस झाले, हेही सांगितले.

तिने वाटी माझ्या हातात सोडली.

‘‘आबा, तुम्हीच तं सांगेल व्हतं,’’ ती म्हणाली. ‘‘उत्तम चालई म्हणीसन.’’

‘‘हो. मीच.’’

ती शिव्या देईल असे वाटले होते. मला त्या हव्या होत्या. तिने मुलाचे तोंड पदराने पुसले, आत गेली, आणि डबा घेऊन बाहेर आली. ‘‘आते हाई राख कोठे फेकू?’’

एव्हाना इतर बायका दारांत आल्या होत्या. कोणाच्या हातात डबा, कोणाच्या पिशवी, कोणाच्या परातीत भांडी घासायची उरलेली मूठ. सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. गटारात टाकली तर पाण्यात जाणार, रस्त्यावर टाकली तर वाऱ्यावर. राखेच्या विल्हेवाटीवर कलम लिहिणाऱ्या माणसाला एवढ्या साध्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. ‘‘माझ्याकडे द्या,’’ मी म्हणालो. संध्याकाळपर्यंत माझ्या मागच्या पडवीत गोण्यांची भिंत उभी राहिली. ती उचलण्यासाठी मी पुढे अकरा पत्रे लिहिली आणि अखेर शिशाच्याच एका व्यापाऱ्याने ती नेली. त्यातही वितळवण्याजोगे शिसे आहे, म्हणाला. ते कोणाच्या बॅटरीत गेले असेल ते मला ठाऊक नाही. दावा मी मागे घेतला.

समोरचा मुलगा जगला. तो उशिरा चालला, उशिरा बोलला, शाळेत दोनदा मागे राहिला. त्या नऊ दिवसांचा त्यात किती वाटा, हे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. आधीचे महिने आणि ते नऊ दिवस वेगळे काढता येत नाहीत. कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही. हा युक्तिवाद मला प्रतिपक्षासाठी अर्ध्या तासात लिहून देता आला असता. रात्रंदिवस तोच युक्तिवाद मी माझ्यासमोर मांडतो आणि रोज फेटाळतो.

नातीचे अंग भरले. निळी रेघ गेली. शब्द परत आले, पण त्यांची वाट लांबली. तुम्ही विचारता, मग ती थांबते, आणि त्या थांबण्यात माणसे अस्वस्थ होऊन तिचे उत्तर स्वतःच देऊन टाकतात. आम्ही पुढे सुरतेच्याच दुसऱ्या टोकाला, कोसाडला राहायला आलो तेव्हा ती आठ वर्षांची होती. एकदा आजीने तिला कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवले. मी मागे उभा होतो. दुकानदाराने विचारले, ‘‘बोल बेन, शूं आपूं?’’ ती थांबली. मागची गिऱ्हाइके पुढे सरकली. कोणी तरी म्हणाले, ‘‘अरे, जल्दी बोल ने.’’ कोणी तरी हसले.

माझ्या अंगात तो जुना संताप चढला. काय आणायचे ते मला माहीत होते. मी तोंड उघडले.

तिने न वळता हात मागे केला आणि माझा सदरा धरला.

‘‘आबा, तू उगा ऱ्हाय.’’

मी गप्प राहिलो. मागचेही गप्प झाले. दुकानदाराचा तराजू हलून स्थिर झाला. बराच वेळ गेला.

‘‘पाव किलो साखर,’’ ती म्हणाली, ‘‘आणि सुईदोरा. काळा.’’